दादा बदक खातात

नाही हो ताई, कोंबडी नाही ती, बदकच आहे — अख्खं, मानेसकट, काचेमागे आकड्याला लटकवलेलं — आणि त्याच्या शेजारी लालभडक दिसतंय ना, ते डुकराचं मांस, मध लावून भाजलेलं, तेही दादा खातात — हो, तेही — आता तुम्ही विचारलंच आहे तर सगळं सांगून टाकते, मागाहून पुन्हा कुणाच्या तरी फोटोवरून कळायला नको. चहा ओता. कप पुसायचा असेल तर पुसा, माझं काही म्हणणं नाही, पण मिसेस लाऊ बघतेय बरं का — ती काय, गल्ल्यामागची, राखाडी केसांची — हे चायनीज हॉटेल तिचं आणि तिच्या नवऱ्याचं, तो तिकडे मांस तोडायच्या ठोकळ्यापाशी सुरा घेऊन उभा आहे तो. चहा पूर्ण शाकाहारी आहे, प्या. दादांना वेळ लागेल, ते काचेपाशी उभं राहून स्वतः निवडतात, बोटानं दाखवतात, हे नको ते द्या, घाई केलेली त्यांना चालत नाही — तेवढ्यात आपण बोलून घेऊ. दोन दिवस घरात तुम्ही बोलत होतात आणि मी पोळ्या लाटत ऐकत होते. आता इथे मी बोलते. हळूच बोलते, तुम्ही घाबरू नका, आणि तसंही मराठी कळणारं इथे दादांशिवाय कुणी नाही.

फोटो कांचनकाकूंनी पाठवला, माहीत आहे मला. तुम्ही नाव सांगितलं नाहीत, पण त्या दिवशी त्या शेजारच्या दुकानात तांदूळ घ्यायला आल्या होत्या, बाहेरूनच काचेतून काढला, आणि मग मंडळाच्या ग्रुपवर — ग्रुपवर नाही? तुम्हाला एकटीलाच पाठवला? बरं, एकटीला. म्हणजे जरा तरी लाज वाटली त्यांना. पण ताई, तो फोटो तुम्ही नीट पाहिलात का? मला दाखवलात ना परवा, अगदी नाकासमोर फोन धरून — दादांच्या हातात तंगडी, बोटं तेलकट, शर्टाला रुमाल खोचलेला — आणि दादा हसतायत. तोंड उघडून, पुढचा पडलेला दात दिसेल असे. बदक सगळ्यांनी पाहिलं. हसणं कुणी पाहिलं? तुम्ही शेवटचं कधी पाहिलं होतंत तुमच्या वडिलांना असं हसताना? नाही, सांगा ना. आईंच्या आधी — हो, मीपण. आईंच्या आधीच.

तुम्ही आईंच्या दिवसांना नागपूरला होतात, मग शिकागोला परत गेलात, मुलांच्या शाळा होत्या, कबूल आहे, मी दोष देत नाही. पण त्यानंतरचे दादा तुम्ही फक्त फोनवर पाहिलेत. फोनवर ते बसायचे ताठ, मी बरा आहे म्हणायचे, आणि फोन ठेवला की पुन्हा तसेच. राजेशनं त्यांना इथे ॲरिझोनात, चँडलरला आमच्या घरी आणलं तेव्हा एअरपोर्टवर मी त्यांना ओळखलंच नाही — कोराडीच्या वीज केंद्रात उभी हयात तीन-तीन शिफ्टमध्ये काढलेला माणूस, दंड काय होते त्यांचे, आठवतं ना — आणि व्हीलचेअरमधून कोण आलं तर शर्टाच्या आत हॅंगर असावा तसं काहीतरी. खाणंच बंद होतं. म्हणजे ताटावर बसायचे, नाही म्हणायचे नाहीत, दोन घास चिवडायचे आणि हात धुवायला उठायचे. मी काय केलं नाही, ताई? आईंची गोळाभाताची कृती तुम्हालाच फोन करून विचारली होती, आठवतं? फोडणीत तेल किती, वरून किती. केलं. पाटवड्या केल्या. वरण आईंसारखंच, चिंचेऐवजी आमसूल घालून. सुट्टी घेऊन घेऊन केलं, आणि ऑफिसात माझ्या वरच्या माणसाला वाटलं हिला कसला तरी आजार आहे. आणि दर वेळी दादा पहिला घास घ्यायचे आणि त्यांचा चेहरा — मी सांगू शकत नाही — जसं काही दाराची बेल वाजली आणि उघडून पाहिलं तर भलताच कुणी. मग, छान झालंय गं हिमानी. आणि उठायचे. डॉक्टर म्हणाली, हे असंच चाललं तर नळी घालावी लागेल. राजेश म्हणाला, हट्टी आहेत, भूक लागली की खातील.

आणि हे हॉटेल मी शोधलं नाही. मी त्यांना फूस लावली असं तुम्ही परवा म्हणालात — म्हणालात ताई, शब्द तोच होता — तर ऐका. डॉक्टरकडून परत येत होतो, जून महिना, इथला जून तुम्हाला माहीत नाही, रस्त्यावर चप्पल चिकटते, आणि ह्या प्लाझासमोर टायर फुटला. मेसामध्ये, ओळखीचं कुणी नाही, टो ट्रकवाला म्हणाला तासभर लागेल. गाडीत बसवून ठेवलं असतं तर माणूस भाजला असता. म्हणून जे पहिलं दार उघडं होतं त्यात शिरले, दादांना दंडाला धरून, आणि ते दार हे. आत आले आणि वास आला, आणि हे सगळं लटकलेलं दिसलं, आणि मी काचेकडे पाठ करून बसले — मी आजही खात नाही, तुम्ही दोन दिवस गृहीत धरून चाललात की मी खाते, विचारलंत का एकदा तरी? नाही खात. मिसेस लाऊ मला आलं आणि कांदापात गरम तेलात घालून सुक्या नूडल्स देते, वर उकडलेली पालेभाजी, मी तेच खाते दर रविवारी. तर त्या दिवशी मी तिला म्हटलं, नो मीट, साध्या नूडल्स द्या. ती म्हणाली ओके ओके. आणि नूडल्सच्या आधी तिनं काय आणून ठेवलं, तर सूपचं बाउल. इथे जेवणाबरोबर येतंच ते, मागावं लागत नाही. मीटचा तुकडा त्यात एकही नव्हता, म्हणजे तिच्या हिशेबानं नो मीट. सकाळपासून हाडं उकळत असतात आत, ते मला काय माहीत. मी टो ट्रकवाल्याशी फोनवर बोलत होते, वळून पाहिलं तर दादा दोन्ही हातांनी बाउल उचलून पीत होते.

सांगितलं ना, सांगितलं मी त्यांना. लगेच. दादा, थांबा, ह्यात मांसाचं असेल. त्यांनी बाउल खाली ठेवलं — रिकामं होतं तोपर्यंत — माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "असेल." आणि मग म्हणाले, "आणखी मिळेल का?"

ताई, त्या माणसानं चार महिन्यांत माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाणी नाही, औषध नाही, उशी नाही. मी काय करायला हवं होतं, सांगा तुम्ही. नाही म्हणायला हवं होतं? तुम्ही म्हटलं असतं? खरं सांगा.

पुढच्या रविवारी स्वतःच बूट घालून दाराशी उभे. मी मुद्दाम विचारलं नाही कुठे, त्यांनी सांगितलं नाही. महिनाभर नुसतं सूप आणि नूडल्स. मग एक दिवस उठून काचेपाशी गेले आणि बदकाकडे बोट दाखवलं. लाऊनं सुरा घेतला, खाट खाट खाट, हाडासकट तुकडे, वर आंबटगोड चटणी. मला वाटलं मी बघू शकणार नाही, पण बघितलं. हातानं उचलला तुकडा, कातडी करकरली, ऐकू आलं मला टेबलाच्या पलीकडे. कितीतरी वेळ चावत बसले. परत जाताना गाडीत, सिग्नलला थांबलो होतो, मी विचारलं — मी रागानं नाही विचारलं, मला खरंच कळत नव्हतं — म्हटलं, दादा, आयुष्यभर अंड्याला शिवला नाहीत, मग हे कसं? तर बाहेर बघत म्हणाले, "तू वरण करतेस ना, ते अगदी तिच्यासारखं होतं. अगदी तिच्याजवळ जातं आणि थोडक्यात चुकतं. रोज चुकतं. इथलं काहीच तिच्यासारखं नाही. चुकायला काही नाही इथे."

पाणी घ्या. घ्या हो. मला माहीत आहे, मीपण त्या सिग्नलला हिरवा दिवा झाला तरी तशीच उभी होते, मागून हॉर्न वाजले.

तर हे आहे त्यांचं बदक. बाटले नाहीत ते, विसरले तर मुळीच नाहीत. आईंचं श्राद्ध करतात, त्या दिवशी मीठसुद्धा जपून खातात, मीच करते सगळं, केळीचं पान चायनीज दुकानात मिळतं ते इथूनच नेते. आणि राजेशला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. — नाही सांगितलं तुम्हाला? कमाल आहे. तो घरातच होता तेव्हा. वजन वाढलं म्हणून खूश होता, म्हणाला, ताईला तेवढं कळू देऊ नकोस. आणि आता तुमच्याबरोबर तोही फोनवर, हे काय चालवलंय हिनं म्हणे. विचारा त्याला. माझ्यासमोर विचारा, स्पीकरवर.

आता तो प्रश्न. काल संध्याकाळी तुम्ही दादांची शिकागोला न्यायची बॅग भरता भरता मला म्हणालात — आवाज चढवला नव्हतात, उलट गोड आवाजात — हिमानी, तू तरी किती करशील, आणि तशी आता तू त्यांची लागतेस कोण? रात्रभर शोधत होते उत्तर. सून नाही, ते कागदावर संपलं. मूल नाही आम्हाला, की नातवंडाची आई म्हणून तरी. हॉस्पिटलात गेलं की तिथली बाई विचारते, रिलेशन? आणि मी दर वेळी अडखळते. सगळं बरोबर आहे तुमचं. राजेश तिकडे जॉर्जियात, अल्फारेटाला गेला तेव्हा मीही हेच गृहीत धरलं होतं, की दादा जातील मागोमाग. तो म्हणाला, सेटल झालो की नेतो. नवीन घर, नवीन बायको, सेटल व्हायला वेळ लागतोच माणसाला. दोन वर्षं झाली, अजून होतोय. मी कधी फोन करून म्हटलं नाही त्याला, घेऊन जा. का नाही म्हटलं? लोकांना वाटतं मी महान आहे. मंडळात बायका हात धरतात माझा, किती गं करतेस. मी काही महान नाही, ताई. मला —

जाऊ दे. सूप बघा तुमच्यासाठी ठेवून गेली, बाजूला सारा, तिला राग येत नाही.

नाही, सांगतेच. राजेश गेल्यावर मी कामावर जात होते नीट. फॅबमध्ये, म्हणजे आमच्या चिपच्या कारखान्यात, पांढरा सूट चढवायचा, मास्क, टोपी, नुसते डोळे दिसतात, कुणाला काही कळत नाही, बरं वाटायचं. घरी यायचं म्हटलं की व्हायचं नाही. गाडी गॅरेजमध्ये लावायची, मागचं दार खाली यायचं, आणि मी स्टिअरिंग धरून बसून राहायची. नाही नाही, इंजिन बंद असायचं, तसं काही नव्हतं. तसं काही नव्हतं, ताई, असं बघू नका. फक्त उठवत नव्हतं. आत जाऊन दिवे लावायचे, त्याचे बूट नसलेलं शू रॅक बघायचं — नाही व्हायचं. अर्धा तास, तास, उन्हाळ्यात घामानं भिजून. मला वाटायचं दादांना ठाऊक नाही, ते टीव्हीसमोर असतात. एक दिवस आतलं दार उघडलं. दादा आले, बाहेर जायचा शर्ट घातलेला, केसांना पाणी लावून भांग पाडलेला, शेजारच्या सीटवर बसले आणि पट्टा लावला. ह्या माणसाला तो पट्टा कधी लावता यायचा नाही, दर वेळी मीच वाकून लावायची. त्या दिवशी लावला. आणि समोर, गॅरेजच्या भिंतीवरच्या फावड्याकडे बघत म्हणाले, "काय पाहून राहिलीस? चल, मला भूक लागली." रविवार नव्हता. भूकपण नव्हती त्यांना, मला माहीत आहे, इथे येऊन निम्मं टाकलं त्यांनी. माझ्या नूडल्स संपेपर्यंत मात्र हलले नाहीत. तुमच्या भावाबद्दल एक अक्षर नाही, वाईटही नाही, बरंही नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा शर्ट घालून दाराशी. तिसऱ्या दिवशी पुन्हा. मी गाडीत बसणं सोडलं तेव्हाच त्यांनी सोडलं.

तर मी कोण लागते ते मला नाही माहीत. शब्द नाहीय त्याला, तुम्हाला सापडला तर कळवा. पण मी दादांना सांभाळते हे जे तुम्ही सगळे म्हणता ना, ते तसं नाहीच आहे मुळी, उलटं आहे, आणि हे मी तुम्हाला सांगायला नको होतं, कारण आता तुम्ही म्हणाल, म्हणजे स्वतःसाठी ठेवून घेतलंस त्यांना. म्हणा. हो, स्वतःसाठी. त्यात मला काही लाज वाटत नाही.

तुम्ही दादांसाठी बघितलेली ती म्हाताऱ्या माणसांची जागा वाईट नाही. मी पाहिले तिचे फोटो. शाकाहारी, संध्याकाळी भजन, योगा, सगळे आपले लोक, डेव्हनच्या देशी बाजारातून ताजी भाजी, तुमच्या घरापासून वीस मिनिटं. दुसऱ्या कुणासाठी मीच शोधली असती. आणि तुम्ही वाईट नाही आहात, वडील आहेत तुमचे, तुम्हाला ते जवळ हवेत, मला समजतं — मलाच समजणार नाही तर कुणाला? म्हणून तर काल तुम्ही बॅग भरत होतात तेव्हा मी आड आले नाही. उलट त्यांचे चार शर्ट इस्त्री करून दिले. मनात म्हटलं, मुलगी आहे, हक्क आहे, तिकीट काढलंय, आपण कोण. पण एक गोष्ट कुणीच केली नाही. तुम्ही नाही, राजेशनं नाही, आणि खरं तर मीही नाही. त्यांना विचारलं नाही. ब्याऐंशी वर्षांचा माणूस, शुद्धीवर आहे, कानानं ऐकू येतं, आणि आपण त्यांच्या डोक्यावरून बोलतोय, सोफा कुठे हलवायचा तसं.

आणि आता — नाही, हे ते स्वतः सांगणार होते. जेवण झाल्यावर सांगतो म्हणाले, तू मधे पडू नकोस म्हणाले. पण तुम्ही सारखं घड्याळ बघताय, विमान विमान करताय, तर मला राहवत नाही. सकाळी तुम्ही अंघोळीला गेला होतात. मी त्यांच्या खोलीत औषधं ठेवायला गेले तर पलंगावर बॅग उघडी. रिकामी. शर्ट कपाटात हॅंगरला, रांगेत. आईंचा फोटो परत खिडकीपाशी. मी नाही लावलं, ताई, आईंची शपथ. त्यांनी एकट्यानं लावलं, कमरेत वाकता येत नाही तरी. खुर्चीत बसून दम खात होते. मला म्हणाले, दिवाळीला जाईन पोरीकडे, प्रीताकडे, पाहुणा म्हणून, चार दिवस, तिची मुलं मला ओळखत नाहीत, त्यांनी ओळखलं पाहिजे. पण राहायला इथेच. मग मी त्यांच्या पलंगावर बसले. रडले वगैरे नाही. — बरं, रडले. त्यांनी टॉवेल दिला, ओला होता.

झालं. बोलून गेले मी. आता त्यांच्यासमोर आश्चर्य वाटल्यासारखं करा नाहीतर करू नका, तुमची मर्जी. भांडायचं असेल तर त्यांच्याशी भांडा, मुलगी आहात, ऐकून घेतील, उत्तरही देतील, त्यांना देता येतं. राजेशला मी कळवणार नाही, तुम्ही कळवा. कांचनकाकूंनाही तुम्हीच कळवा, हवं तर आजचा फोटो पाठवा, मी काढून देते, प्रकाश चांगला आहे. एवढंच सांगते, माझ्यासमोर पुन्हा तो शब्द नको. बाटले, बिघडले, फूस — काही नको. एका माणसाला भूक लागली आणि तो जेवला.

आले बघा. ताट स्वतः घेऊन येतायत, लाऊ देत होता आणून, पण नाही. या दादा, सावकाश, तिथे जमीन ओली आहे. — नाही, काही नाही, बोलत होतो असंच. हो, सांगितलं मी. रागावू नका, सांगितलं. — ताई, आता तुम्ही जरा उठा तिथून. इकडे माझ्या बाजूला या. ती जागा दादांची आहे, तिथून त्यांना ठोकळा दिसतो. उठा.